गढीवरचा शेवटचा नळ

आमच्या गावात कुणाकडे इंग्रजी अक्षरं आली की ती फिरत फिरत आमच्या घरी येतात. औषधाची पट्टी, खताची गोणी, बँकेचा मेसेज, कुणाच्या जावयाने पाठवलेल्या मिक्सरचं माहितीपत्रक. मी नांदुऱ्याला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्याची परतफेड मी अशी ओट्यावर बसून करते. मला बोलायला आवडत नाही. पण वाचून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी माझी समजूत होती. शब्द दुसऱ्याचे, जबाबदारी दुसऱ्याची, आपण फक्त मधली खिडकी.

याच गुणावर मला गावाच्या पाणी समितीत घेतलं गेलं. समितीत निम्म्या बाया लागतात. आमच्या सरपंचबाई वांगी, मेथी पिकवतात आणि संग्रामपूरच्या बाजारात स्वतः बसून विकतात, त्यामुळे माणसालाही त्या टोपलीतल्या मालासारखं दोन बोटांनी चाचपून बघतात. एक दिवस आमच्या अंगणात उभ्या राहून त्यांनी बाबांना सांगितलं, "भाऊ, तुमची पोरगी घेतो समितीत. बोलत नाई, वाचते. अशेच लोक पायजेत."

बाबा म्हणाले, "तिले विचारा ना. घरातच हाये."

"विचारलं तर नाई म्हणन."

मी दाराआड उभी होते. नाहीच म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही.

समितीच्या सभेचं इतिवृत्त सभेच्या आधी लिहिलेलं असे. वेळ वाचतो. नंतर चहा आणि सह्या. पहिल्या तीन सभांत मी एक शब्द बोलले नाही, आणि तिन्ही इतिवृत्तांत मी सूचना मांडलेली आहे. एका ठरावाला तर मी अनुमोदनही दिलं आहे. माझ्याच नावाची ती धीट मुलगी मला कागदावर आवडू लागली होती. ती मुद्द्याचं बोलायची.

योजना चांगली होती, हे आधी सांगते. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहात दूध घातलं की ते कधी फाटेल याचा भरवसा नाही. धरणाचं गोडं पाणी पाइपाने गावात आणायचं, टाकीत चढवायचं आणि घरोघर नळाने द्यायचं, असं ठरलं होतं. गावाने दोन वर्षं पाइपासाठी खणलेल्या खड्ड्यांत पडून त्याची वाट पाहिली.

गावाच्या मध्ये एक मातीची गढी आहे. कुण्या जहागीरदाराने रचलेलं उंच टेकाड. जहागीरदार संपला, भिंतींची पांढरी माती लोकांनी घरं सारवायला नेली, आणि वर तीसेक घरं उभी राहिली. अंदाजपत्रकात टाकी या गढीवर होती. प्रत्यक्षात ती एसटी स्टँडजवळ बांधली गेली. गढीवरच्या मोकळ्या जागेला सात भावांचे वारस निघाले, आणि सात भावांत आठ मतं. स्टँडजवळची जागा आयती रिकामी होती. शिवाय गढीवरची टाकी फक्त गढीवाल्यांना दिसली असती. स्टँडवरची टाकी बसमधल्या प्रत्येक प्रवाशाला दिसते, आणि तिच्या गोल पोटावर पुढाऱ्यांची नावं रंगवायला चारी बाजूंनी जागा आहे.

पाण्याला मात्र नावं वाचता येत नाहीत, त्याला उतार लागतो. टाकीचा तळ आणि गढीवरची अंगणं जवळजवळ एका उंचीवर आली. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, स्टँडवर उभं राहून मान वर केली की पुरे. पण मान वर करणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कुणीतरी मोजलं असेल. मलाही तसंच वाटलं. किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

झालं असं की खालच्या गावात एक दिवसाआड पाणी येऊ लागलं आणि गढीवर नळ नुसते उभे राहिले. गढीवाल्यांनी त्यांना रिकामं ठेवलं नाही. एकाला शेळी बांधली, दोघांच्या मध्ये कपडे वाळवायची दोरी गेली, एका तोटीत रोज उदबत्ती खोचली जाई.

गढीवरच्या अगदी शेवटच्या घरात एक काकू राहते. आमच्या नात्यातली नाही, पण सगळं गाव तिला काकूच म्हणतं. एकटी असते, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ शाबूत. गढीचा चढ उतरून ती आमच्या अंगणातल्या नळावर पाणी भरायला येते. एका हाताने भिंतीला धरायचं आणि दुसऱ्या हाताने छोटी पितळी गुंडी कमरेवर घ्यायची, अशा तीन खेपा. आई म्हणायची, पोरगी देते आणून. काकू म्हणायची, "कायले. अर्धं सांडवन ते. इंग्रजी शाळेत पाणी भरणं शिकवत नाई."

मग फोटोंचा दिवस आला.

कंत्राटदाराचा सुपरवायझर तडा गेलेला मोबाईल घेऊन आला. घराघरातल्या बाईचा नळासोबत फोटो काढायचा होता. नळातून पाणी वाहताना दिसलं पाहिजे, बाईचा चेहरा दिसला पाहिजे, आणि मग मोबाईलमध्ये तीन प्रश्नांची उत्तरं भरायची. प्रश्न इंग्रजीत होते, म्हणून मोबाईल माझ्या हातात आला. खालचं गाव तासाभरात उरकलं. तिथे पाणी होतंच. मग तो गढीकडे बघून म्हणाला, "मॅडम, आता वरचं कसं करायचं?"

हा प्रश्न मला विचारलेला होता, पण उत्तर गढीनेच दिलं. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुठलीही योजना असो, घरकुल असो, संडास असो, विहीर असो, आधी रिकाम्या जागेवर लाभार्थ्याला उभं करून फोटो काढतात आणि मग लाभ येतो. कधी दोन महिन्यांनी, कधी चार वर्षांनी, पण फोटोच्या आधी येत नाही. त्यामुळे गढीवर एकही माणूस असा नव्हता ज्याला वाटलं की पाणी आल्याचा हा फोटो आहे. सगळ्यांना वाटलं, हा पाण्यासाठीचा अर्ज आहे. आणि अर्ज चांगला दिसला पाहिजे.

बायांनी लुगडी बदलली. नळांना बांधलेल्या शेळ्या सोडल्या. पाणी दिसायला हवं म्हटल्यावर गढीवरच्याच एका गड्याने आपला कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप काढला. पुढचा फवारा काढून नळी नळाच्या खालच्या पाइपात खोचली आणि तो पंपासकट भिंतीआड उभा राहिला. त्याने दांडा मारला की तोटीतून करंगळीएवढी धार निघायची. आम्ही घरोघर असे फिरलो. पुढे मी मोबाईल घेऊन, मागे सुपरवायझर, आणि भिंतीमागून पंपवाला भाऊ घाम पुसत. पंप तीनदा धुतला होता, तरी पाण्याला वास होताच.

काकूने लग्नातला शालू काढला होता. त्याच्या घड्या इतक्या जुन्या होत्या की तो अंगावरही चौकोनीच राहिला. तिने तोटीखाली ओंजळ धरली, वास घेतला आणि म्हणाली, "जाऊ दे. निदान नळाले कीड लागायची नाई."

"काकू, जरा हसा," सुपरवायझर म्हणाला.

"पाणी आलं की हसतो. आत्ता अर्जापुरतंच हसतो." आणि तिने बरोबर तेवढंच हसू आणलं.

मी फोटो काढला. प्रश्न आले. नळ चालू आहे का? समोर धार पडत होती. मी हो दाबलं. पाणी नियमित येतं का? भिंतीमागे दांडा नियमित हलत होता. हो. पाणी पुरेसं आहे का? मी सुपरवायझरकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाबा मॅडम, मले शेवटची बस पकडायची हाये." हो.

आता जे सांगते ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मोबाईलच्या पडद्यावर सगळ्यात वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे काम पूर्ण झाल्याचं प्रमाणीकरण आहे. मी ते पहिल्याच घरी वाचलं होतं. वाचलं, आणि दुसऱ्या घरी गेले. सुपरवायझरला काही म्हणावं तर तो काहीतरी उलट म्हणेल, मग गढीवाले विचारतील काय झालं, मग मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. तीस घरांचं पाणी एका बाजूला आणि माझा संकोच दुसऱ्या बाजूला ठेवला, तर संकोच जड निघाला. मी शेवटच्या घरापर्यंत हो दाबत गेले.

त्यानंतर काकू एक दिवसाआड आमच्या नळावर आली की विचारायची, "माय, पाठवला ना माहा फोटो? चांगला आला होता ना? मंग कधी येते पाणी?"

मी म्हणायचे, "बघते काकू."

"बघ. दुसऱ्या कोणाचा आधी मंजूर नको व्हाले. माहा शालू होता."

पुढे पुढे मी तिच्या येण्याच्या वेळेला मागच्या खोलीत काहीतरी शोधू लागले. त्या खोलीत शोधण्यासारखं काही नाही. आईला संशय आला की माझं कुठे जमलं आहे आणि मी चोरून फोनवर बोलते. तिने दोनदा अचानक दार उघडून पाहिलं.

मग तो कागद आला. योजना पूर्ण झाली, आता ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात देतो, असं हस्तांतरणाचं पत्र. इंग्रजीत, चार पानी. ग्रामसभेने ठराव करायचा आणि सरपंच व समितीने सह्या करायच्या. सह्या झाल्या की कंत्राटदार मोकळा, आणि त्यानंतर गढीवर पाणी चढो न चढो, ती ग्रामपंचायतीची डोकेदुखी. सरपंचबाईंनी पत्र माझ्याकडे पाठवलं, वर चिठ्ठी, 'वाचून ठेव.'

मी वाचलं. जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडत बराच विचार केला आणि म्हणाले, "सही कर, नाई तर नको करू. पण भाषण करू नको." मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. पण बापाच्या मनात काय काय भीती असते.

सकाळी मी सरपंचबाईंच्या वावरात गेले. त्या वांगी तोडत होत्या. मी उभी राहिले. त्यांनी एक टोपली माझ्याकडे सरकवली, तेव्हा मीही तोडू लागले. चौथ्या झाडाशी मी म्हणाले, "गढीवर पाणी चढत नाही, आणि पत्रात चढतं."

"माहीत हाये मले."

"मग सही नका करू."

"पोरी, ते टाकी स्टँडवर बांधली तवा मी सरपंच होतो. जागा मीच दाखवली. आता मी म्हटलं काम चुकलं, तर साहेब म्हणते, बाई, दोन वर्ष काय झोपल्या होत्या? घेऊन घेऊ आता. मंग बसवू वर एखादी मोटर."

"मग कोण बसवेल?"

"तू बसवजो." त्यांनी एक किडकं वांगं बांधावर फेकलं. "अन् दुसरं सांगतो. फोटो तू पाठवले. मोबाईल तुह्या हातात होता, गढीनं पाह्यलं. तोंड उघडशीन तर पह्यलं नाव तुहंच येईन. मले त्याचं वाईट वाटन, पण येईन."

मला वाटलं, संपलं. मी टोपली ठेवून निघाले, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "उद्या सभेत पत्र तूच वाच. जे लिहिलं ते वाच. आपल्या मनचं काई घालू नको, काई सोडू नको."

ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. एरवी गणसंख्या भरायला शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो, पण त्या दिवशी पाण्याचं आहे म्हटल्यावर लोक खरोखरचे आले, आणि गढीवाल्या बाया तर सगळ्यात पुढे बसल्या. आपला अर्ज मंजूर झाला असं त्यांना वाटत होतं. जिल्ह्याहून पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंता आले होते. त्यांना सगळे साहेब म्हणत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मी थोडक्यात सांगतो. योजना पूर्ण झालेली आहे, आता फक्त औपचारिकता आहे."

"थोडक्यात नको साहेब," सरपंचबाई म्हणाल्या. "आमच्याकडं इंग्रजी येणारी पोरगी हाये. तिले शिकवाले तिच्या बापानं बरंच केलं. वाचू द्या."

मी उभी राहिले. कागद दोन्ही हातांनी धरला. मी एक वाक्य मनात इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

"गावातल्या सर्व घरांना नळजोडणी दिलेली आहे."

"हे खरं हाये," कुणीतरी म्हणालं. "जोडणी हाये."

"टाकी गावातल्या सर्वात उंच जागेवर बांधलेली आहे."

सगळा मंडप मान वळवून स्टँडकडे बघू लागला. एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारलं, "स्टँड कवा उंच झालं बे?"

"तू बसची वाट पाहत बसला होता, तवा झालं."

"सर्व नळांना रोज पुरेशा दाबाने पाणी येतं."

आधी गढीची बाजू हसली, मग खालची. पंपवाला भाऊ सगळ्यात मोठ्याने हसला, कारण दाब कशाचा होता ते त्याच्या खांद्याला माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे बघत होते. पुढचं वाक्य मला येत होतं, रात्री मी ते बऱ्याच वेळा वाचलं होतं.

"वरील सर्व गोष्टींची खात्री लाभार्थी महिलांनी नळासोबत दिलेल्या छायाचित्रांवरून केलेली आहे."

"थांब व," काकू म्हणाली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "माह्या फोटोवरून?"

"हो."

"पण तो तर अर्ज होता."

मला पुढचं वाक्य वाचता आलं असतं. पान उलटता आलं असतं. मी म्हणाले, "अर्ज नव्हता काकू. पाणी मिळालं, अशी ती पावती होती."

"कोणी पाठवली?"

"मी."

"तुले माहीत होतं?"

"हो."

काकू माझ्याकडे नीट बघत होती, आमच्या अंगणात वाकून गुंडी भरताना वर बघते तशी. "अन् मी दिवसाआड तुह्याच नळावर येऊन तुलेच इचारून राह्यली होती," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं तर मान तरी हालवाची."

मी कागदाची घडी घातली.

साहेब उभे राहिले. "हे गंभीर आहे. खोटी माहिती भरली गेली असेल तर कुणी भरली, कशी भरली, ते लेखी घ्यावं लागेल."

"पंप माहा होता साहेब," पंपवाला भाऊ म्हणाला. "सोळा लिटरचा. लिहून घ्या." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. त्याच्या बायकोने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

"लिहिणं मंग लिहा," काकू साहेबांना म्हणाली. "आधी वर चला."

साहेब गढीवर पहिल्यांदाच चढले असावेत. अर्ध्या चढावर त्यांनी थांबून गावाचं सौंदर्य पाहिल्यासारखं केलं. मागे अख्खी ग्रामसभा. काकूच्या अंगणात त्यांनी स्वतः तोटी फिरवली. आतून एक लांब सुस्कारा निघाला, आणि मग एक मुंगी बाहेर आली. मुंगीने इकडे तिकडे पाहिलं आणि परत आत गेली.

"ठराव इथंच लिहू," सरपंचबाई म्हणाल्या आणि मला वही दिली. मी काकूच्या उंबऱ्यावर बसले. सभेनंतर लिहिलं गेलेलं हे आमच्या गावाचं पहिलंच इतिवृत्त असावं. त्या सांगत गेल्या, "लिही. गढीवरच्या शेवटच्या नळाखाली ठेवलेली बादली, गावासमोर, नळाच्याच पाण्यानं काठोकाठ भरल्याबिगर योजना ताब्यात घेतली जाणार नाई. टाकीची जागा सरपंचानं दाखवली, ते चुकलं. हे बी लिही."

"बाई, बादली हे तांत्रिक माप नाही," साहेब म्हणाले.

"तुमचं तांत्रिक माप फोटो होतं साहेब. ते पाह्यलं आम्ही."

ठरावाखाली साहेबांच्या सांगण्यावरून मी आणखी एक ओळ लिहिली. फोटो आणि उत्तरं मी भरली, पाणी पंपाचं होतं, आणि मला ते माहीत होतं. खाली माझी सही. ती कागदावरची धीट मुलगी सही करताना कुठे गेली होती कोण जाणे, अक्षर माझंच आलं.

पुढचे तीन महिने मजेचे नव्हते. मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी दोन ओळींचं उत्तर दिलं आणि त्यावर अजून काही आलेलं नाही. गढीवरच्या बाया माझ्याकडे औषधाच्या पट्ट्या आणेनाशा झाल्या. त्या संग्रामपूरला जाऊन मेडिकलवाल्याला विचारू लागल्या. काकू पाणी भरायला यायची, पण आमच्या नाही, शेजारच्या नळावर. तिथला चढ वीस पावलांनी जास्त आहे. आई म्हणाली, "जाऊन माफी माग." मी गेले, दारात उभी राहिले. काकू म्हणाली, "बोल." मला बोलता आलं नाही, तेव्हा तिने झाडू माझ्या हातात दिला. मी तिचं अंगण झाडलं आणि परत आले. याला माफी म्हणतात की नाही, मला माहीत नाही.

दरम्यान सात भावांचे वारस एकमेकांना वकिलाची धमकी देऊन झाल्यावर कोपऱ्यातली थोडी जागा द्यायला तयार झाले. कंत्राटदाराने कुरकुरत तिथे एक काळी प्लास्टिकची टाकी आणि खाली स्टँडजवळ एक मोटर बसवली. आणि चाचणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी काकूच्या अंगणात बाजेवर साहेब, त्यांच्या शेजारी सरपंचबाई, चौकटीला टेकून सुपरवायझर, आणि मी उंबऱ्याजवळ वही घेऊन. काकूने बादली नळाखाली ठेवली होती. सुपरवायझर म्हणाला, "काकू, ही बादली जरा मोठी आहे."

"माही हाये. तुही आण, तीत तुह्या नळाचं भरजो."

खाली मोटर सुरू झाली. गढीवरच्या पहिल्या घरांतून आरडाओरडा ऐकू आला, पाणी आलं होतं. मग मधल्या घरांतून. मग बराच वेळ काही नाही. मग काकूच्या तोटीने दोनदा थुंकलं आणि धार लागली, बारीक, पण खरी, भिंतीमागे कुणी नव्हतं. साहेबांनी मागे जाऊन पाहून घेतलं. सगळे बादलीकडे बघत बसलो. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट इतक्या लोकांनी इतक्या शांतपणे बघितलेली पाहिली नाही. अर्धी भरली आणि धार थांबली. वाट पाहिली. पुन्हा आली नाही. वरची टाकी रिकामी झाली होती, आधीच्या घरांनी आपापलं भरून घेतलं होतं. त्यांचाही दोष नव्हता.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे पाणी पोचलं, हे तर दिसलंच. आता थोडंफार..."

"अर्धी भरली," काकू म्हणाली. "अर्धी सही करू काय?"

सुपरवायझरने आशेने माझ्याकडे पाहिलं. सरपंचबाईंनीही पाहिलं, पण त्यांच्या बघण्यात आशा वगैरे नव्हती, वांगं चाचपतात तसं होतं. वही माझ्या मांडीवर होती.

"नाही भरली," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या.

"ऐकलं साहेब?" सरपंचबाई म्हणाल्या. "वरची टाकी मोठी लागन. पुन्हा या."

काकूने बादली दोन्ही हातांनी उचलायला घेतली. मी उठले, तर तिने कडीचं एक टोक माझ्याकडे दिलं. आम्ही दोघींनी ती आत नेली. काही सांडलं नाही. तिने त्यातलं पातेलंभर पाणी चुलीवर ठेवलं, पत्ती घातली, दूध घातलं आणि पातेल्यावर वाकून बघत राहिली. दूध फाटलं नाही.

"घेऊन जा त्याईले," तिने तीन कप माझ्यासमोर ठेवले. मग फळीवरून चौथा काढला. "अन् तू बी घे. बसून पे."

मी बाहेर येऊन कप दिले, बसले, आणि चहा पीत पीत वहीत लिहिलं, शेवटच्या नळाला अर्धी बादली, हस्तांतरण नाही. साहेबांनी कप खाली ठेवला आणि पेन मागितलं. त्या ओळीवर पहिली सही त्यांनीच केली.